नेटवर्क इंजिनियराचा व्यवसाय

आषाढी एकादशीस जळगांवच्या पिंप्राळा उपनगरांत विठ्ठलाचा रथ निघतो. दर्शनास जमलेल्या लोकांची दृष्टि मूर्तीवर आणि रथाच्या शिखरावर खिळलेली असते. दोर ओढणारेही साऱ्यांना दिसतात. परंतु चाकाजवळ वाकून, लांकडी मोगरी नेमक्या क्षणीं चाकाखालीं सरकविणाऱ्या माणसाकडे फारसें कोणी पाहत नाहीं. रथ कोठें वळावा आणि कोठें थांबावा, हें मात्र त्याच्या हातांत असतें. मोगरी चुकली तरच लोकांना त्याची आठवण होते.

नेटवर्क इंजिनियराचें काम याच जातीचें आहे. बँकेंतील उलाढाल, रुग्णालयांतील तपासण्यांचे अहवाल, रेल्वेचें तिकीट, महाविद्यालयाचा प्रवेश-अर्ज, हीं सर्व कामें आज संगणकांच्या जाळ्यावर अवलंबून आहेत. जाळें चालू असतें तोंवर तें कोणी चालवीत आहे याची जाणीवही नसते. तें तासभर बंद पडलें कीं सारें शहर खोळंबतें. अशा या व्यवसायाविषयीं अलीकडे खानदेशांतील घराघरांतून विचारणा होऊं लागली आहे. मुलाला किंवा मुलीला “नेटवर्किंग”ला घालावें काय, असा प्रश्न आईबाप करतात, आणि तो बहुधा पगाराच्या अंगानें केलेला असतो. परंतु हें काम आहे तरी कसलें, तें कोणत्या स्वभावाला मानवतें आणि त्याची तयारी खरोखर कशानें होते, हे प्रश्न त्याच्या आधींचे आहेत. फी भरून झाल्यावर ते सुचले, तर त्यांचा उपयोग नसतो.

प्रथम जाळें म्हणजे काय, तें पाहूं. पिंप्राळ्यांतील एखाद्या विद्यार्थ्यानें पुण्याच्या महाविद्यालयाकडे संगणकावरून अर्ज पाठविला, असें समजावें. तो अर्ज सबंधच्या सबंध जात नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे होतात. त्यांस पॅकेट म्हणतात. पोस्टाच्या पाकिटाप्रमाणें प्रत्येक पॅकेटवर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. वाटेंतील प्रत्येक नाक्यावर राउटर नांवाचें यंत्र बसविलेलें असतें. तें पत्ता वाचतें आणि पॅकेटला पुढचा रस्ता दाखवितें. एक रस्ता बंद असेल, तर तें दुसऱ्या रस्त्यानें पाठवितें. पॅकेटें मागेंपुढें पोंचलीं, तरी पलीकडचा संगणक तीं क्रमानें जोडून घेतो. एखादें हरवलें, तर पुन्हां मागवितो. या पद्धतीचा आराखडा व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं सन १९७४ मध्यें प्रसिद्ध केला, आणि १ जानेवारी १९८३ पासून अमेरिकेंतील अर्पानेट या जाळ्यानें ती पद्धति पूर्णपणें स्वीकारली. भारतांत सन १९८६ मध्यें एर्नेट या योजनेखालीं मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि आयआयटी यांना जोडण्याचें काम सुरू झालें. सर्वसामान्य नागरिकांस इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून.

मोठ्या शहरांमधील अंतर हीं पॅकेटें केसासारख्या बारीक कांचेच्या तंतूंतून, प्रकाशाच्या रूपानें, तोडतात. कांचेंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. जळगांवाहून मुंबई रेल्वेनें सुमारें ४२० किलोमीटर आहे. एवढें अंतर तोडण्यास प्रकाशाला सेकंदाचा पांचशेंवा भाग पुरतो. म्हणजे एखादें पान उघडण्यास पांच सेकंद लागत असतील, तर दोष अंतराचा नसतो. कोठल्या तरी नाक्यावर खोळंबा असतो. तो कोणत्या नाक्यावर आहे, हें ओळखणें हेंच या इंजिनियराचें मुख्य काम.

खानदेशांतील श्रोत्यांना हें काम समजण्यास एक घरचाच दाखला पुरेसा आहे. धुळें जिल्ह्यांत पांझरा नदीवर बंधारे घालून पाणी वांटण्याची फड पद्धति कित्येक शतकें चालत आली. बंधाऱ्यांतून कालवा, कालव्यांतून चाऱ्या आणि चाऱ्यांतून शेतें, अशी तिची मांडणी. पाणी शेतकऱ्यानें स्वतः फोडून घ्यावयाचें नाहीं. तें पाळीप्रमाणें देण्यासाठीं पाटकरी नेमलेला असतो. शेवटच्या टोंकाच्या शेताला पाणी पोंचलें कीं नाहीं, यावर त्याची परीक्षा होते. नेटवर्क इंजिनियर हा जाळ्याचा पाटकरी आहे. रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या वेळीं लागणारी क्ष-किरण चित्रें आणि प्रतीक्षालयांत कोणी पाहत असलेला चित्रपट एकाच तारेंतून येत असतील, तर आधीं वाट कोणास द्यावयाची, हें त्यानें ठरवून ठेवलेलें असतें. कालवा फुटला तर दुसऱ्या वाटेनें पाणी कसें आणावयाचें, याचीही योजना तो आधींच करतो. फरक एवढाच कीं, पाटकऱ्याला पाणी डोळ्यांनीं दिसतें. या पाटांतून वाहणारें मात्र मोजमापावांचून कळत नाहीं.

म्हणूनच दोष शोधण्याची शिस्त हा या विद्येचा कणा आहे. जाळ्याच्या व्यवहाराचे सात थर कल्पिले आहेत; हा नमुना सन १९८४ मध्यें आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. सर्वांत खालचा थर तारेचा, सर्वांत वरचा माणसाच्या डोळ्यांपुढील कार्यक्रमाचा. अनुभवी इंजिनियर तर्क लढवीत बसत नाहीं. तो खालून वर चढतो. तार नीट बसली आहे काय? यंत्रावरचा दिवा लागतो काय? संगणकाला पत्ता मिळाला आहे काय? शेजारच्या यंत्रापर्यंत पॅकेट जाऊन परत येतें काय? पुढच्या नाक्यापर्यंत? नांवाचें पत्त्यांत रूपांतर होतें काय? असें एकेक विचारीत गेलें म्हणजे दोषाला लपण्यास जागा उरत नाहीं. “सकाळीं चालू होतें, मग आतां काय बदललें?” हा एक प्रश्न मात्र तो सर्वांच्या आधीं विचारतो, कारण अर्ध्याअधिक कोड्यांचें उत्तर त्यांत असतें.

एका साध्या उदाहरणावरून हें स्पष्ट होईल. एखाद्या कचेरींत सर्व संगणक एकाएकीं ठप्प होतात. तारा शाबूत, यंत्रें चालू, दिवे तर नेहमींपेक्षां वेगानें लुकलुकत असतात. शोधाअंतीं आढळतें कीं, झाडलोट करतांना एका केबलचें टोंक लोंबतांना दिसलें आणि कोणी तरी तें चांगल्या हेतूनें त्याच स्विचच्या दुसऱ्या भोंकांत बसविलें. केबलचीं दोन्ही टोंकें एकाच स्विचमध्यें! सर्वांना उद्देशून निघालेला संदेश त्या वाटोळ्या मार्गानें फिरत राहतो, दर फेरीला त्याच्या नव्या प्रती निघतात, आणि कांहीं क्षणांत सारी वाट त्यानें भरून जाते. असें चक्र आपोआप ओळखून त्यांतील एक वाट बंद करण्याची युक्ति सन १९८५ मध्यें रेडिया पर्लमन या संगणकतज्ज्ञ बाईंनीं शोधून काढली, आणि आज जगभरच्या स्विचांत ती वापरली जाते. हा व्यवसाय मुलींचा नव्हे, असें म्हणणाऱ्यांनीं हें नांव लक्षांत ठेवावें.

कांचेचा तंतू तुटणें हा दुसरा नेहमींचा प्रसंग. रस्त्याच्या किंवा गटाराच्या खोदकामांत जेसीबीचा पंजा लागतो आणि केबल तुटते. जळगांव ज्या प्लॅस्टिकच्या नळ्यांसाठीं प्रसिद्ध आहे, तशाच पॉलिएथिलीनच्या नळींतून ही केबल जमिनीखालून नेलेली असते. पण यंत्राच्या पंजापुढें नळीचा निभाव लागत नाहीं. ओटीडीआर नांवाचें उपकरण एका टोंकाकडून प्रकाशाचे झोत सोडतें, आणि परत येणाऱ्या अंधुक प्रकाशावरून तंतू किती अंतरावर तुटला तें सांगतें. तथापि तें अंतर केबलच्या लांबीचें असतें, जमिनीवरचें नव्हे. वाटेंत जागोजाग दुरुस्तीसाठीं केबलचीं वेटोळीं राखून ठेवलेलीं असतात. तीं कोठें व किती आहेत, याची नोंद नसेल, तर उपकरण अचूक असूनही माणसें भलत्याच जागीं खणीत बसतात. जागा सांपडल्यावर तंतूवरचें आवरण सोलावयाचें, तो मद्यार्कानें पुसावयाचा, टोंक अगदीं काटकोनांत कापावयाचें आणि विजेच्या ठिणगीनें दोन टोंकें वितळवून सांधावयाचीं. हें काम भर पावसांत, रस्त्याच्या कडेला, ताडपत्रीखालीं बसून करावें लागतें. संगणकाचा व्यवसाय म्हणजे थंड खोलींतील खुर्ची, अशी ज्यांची कल्पना असेल, त्यांनीं हें चित्र डोळ्यांपुढें आणावें.

तिसरा प्रकार रात्रींच्या कामाचा. जाळ्यांत बदल करावयाचा तर लोक झोंपलेले असतांना, म्हणजे मध्यरात्रीनंतर करावा लागतो. दूरच्या राउटरला दिलेली एक चुकीची सूचना त्याच्याशीं असलेला संबंधच तोडूं शकते. ज्या फांदीवर बसावें तीच तोडण्याचा हा प्रकार होय. मग पहांटे गाडी काढून त्या गांवीं जाण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. यासाठीं शहाणा इंजिनियर तीन गोष्टी पाळतो. बदलाची प्रत्येक पायरी तो आधीं कागदावर लिहितो. जुनी मांडणी जपून ठेवतो. आणि मागें फिरण्याची वाट मोकळी राखतो. कित्येक यंत्रांत अशी सोय असते कीं, “दहा मिनिटांत माझ्याकडून होकार आला नाहीं, तर जुन्या मांडणीवर परत जा,” असें त्यांना आधींच बजावून ठेवतां येतें. कोणत्याही हुषारीपेक्षां ही सावधगिरी अधिक मोलाची आहे.

ती मोलाची कां, याचा धडा ४ ऑक्टोबर १९२१ नव्हे, तर अगदीं अलीकडे, ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं साऱ्या जगाला मिळाला. त्या दिवशीं फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारें सहा तास बंद पडलें. कोणी हल्ला केला नव्हता. नेहमींच्या देखभालींत दिलेल्या एका आज्ञेनें कंपनीच्या संगणक-केंद्रांना जोडणारें मुख्य जाळें खालीं आलें. अशा आज्ञा अडविण्यासाठीं ठेवलेल्या तपासणींतही दोष होता, असें त्या कंपनीनेंच पुढें जाहीर केलें. दुरुस्तीचीं साधनें त्याच जाळ्यावर अवलंबून असल्यामुळें तींही चालेनात, आणि इंजिनियरांना प्रत्यक्ष केंद्रांत जाऊन यंत्रांपुढें उभें राहावें लागलें. जगांतील उत्तमांपैकीं गणल्या जाणाऱ्या माणसांची जर ही स्थिति, तर नवशिक्यानें घाई करण्यास जागा कोठें उरते?

स्वभावाची आणखी एक कसोटी आहे, आणि ती चारित्र्याची. पोस्टमनच्या हातांतून जशीं साऱ्या गांवाचीं पत्रें जातात, तशी या इंजिनियराच्या यंत्रांतून साऱ्या कचेरीची माहिती जाते. कोण कोठें काय पाहतो, याचा माग त्याला लागूं शकतो. कामापुरतें पाहावें आणि पाहिलेलें बोलूं नये, हा या व्यवसायाचा धर्म आहे. परवानगीवांचून दुसऱ्याच्या यंत्रणेंत शिरणें हा सन २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखालीं अपराध ठरतो. म्हणून विद्यार्थ्यानें सराव करावयाचा तो स्वतःच्या साधनांवरच करावा.

आतां तयारीचा विचार. डॉक्टर किंवा वकील होण्यास कायद्यानें ठराविक पदवी आणि नोंदणी लागते. नेटवर्क इंजिनियर होण्यास तसें बंधन नाहीं. दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका, बारावीनंतर अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी, किंवा संगणकशास्त्राची पदवी, यांपैकीं कोणतीही वाट चालते. पदविकाधारकास पदवीच्या दुसऱ्या वर्षांत प्रवेश मिळूं शकतो, ही सोय बेताच्या परिस्थितींतील कुटुंबांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पिंप्राळ्याच्या विद्यार्थ्याला यासाठीं घर सोडण्याचें कारण नाहीं. जळगांवांत शासकीय तंत्रनिकेतन आहे, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, जवळच बांभोरीसही अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आणि सन १९९० मध्यें स्थापन झालेलें, आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव धारण करणारें विद्यापीठही येथेंच आहे.

अभ्यासाचा आरंभ गणितापासून करावा, पण त्या गणिताची धास्ती घेऊं नये. जाळ्यांतील जुना पत्ता ३२ द्विमान अंकांचा असतो. दोनाचा बत्तिसावा घात केला म्हणजे सुमारें ४२९ कोटी पत्ते होतात. ते जगाला अपुरे पडूं लागले, म्हणून १२८ अंकांचा नवा पत्ता योजण्यांत आला. या पत्त्यांचे गट पाडणें, एका गटांत किती यंत्रें मावतील तें काढणें, ही आकडेमोड कागद-पेन्सिलीनें, यंत्राच्या मदतीवांचून, सहज करतां आली पाहिजे. त्यानंतर स्विच आणि राउटर यांचें कार्य, मग लिनक्स ही संगणकप्रणाली, मग सुरक्षिततेचीं मूलतत्त्वें, आणि अखेरीस पायथन भाषेंत लहान लहान कार्यक्रम लिहिणें, असा क्रम ठेवावा. वाचनासाठीं इंग्रजी अवश्य हवी. पण ती यंत्राची पुस्तिका समजण्यापुरती असली तरी आरंभीं पुरते. इंग्रजी माध्यमांत न शिकलेल्या मुलांनीं या कारणास्तव मागें हटूं नये.

सरावासाठीं मोठा खर्च लागत नाहीं. दोन जुने संगणक आणि एक केबल एवढ्यावर पहिले दोन महिने निघतात. त्यांना हातानें पत्ते द्यावे, एकाकडून दुसऱ्याकडे पॅकेट पाठवावें, मग मुद्दाम एक चूक करून ती शोधावी. सिस्को कंपनीचा पॅकेट ट्रेसर हा कार्यक्रम विनामूल्य मिळतो. त्यांत कागदोपत्रीं नव्हे, तर पडद्यावर सबंध जाळें उभारून पाहतां येतें. वायरशार्क हा दुसरा विनामूल्य कार्यक्रम तारेंतून जाणारें प्रत्येक पॅकेट उघडून दाखवितो. पुस्तकांतील वर्णन आणि डोळ्यांपुढचें पॅकेट यांचा मेळ ज्या दिवशीं बसतो, त्या दिवसापासून हा विषय पाठांतराचा राहत नाहीं.

प्रमाणपत्रांचा प्रश्न येथें येतो. सिस्कोची सीसीएनए ही परीक्षा सर्वांत परिचित आहे. सन २०२० पासून ती एकाच परीक्षेच्या रूपानें घेतली जाते, आणि तिचें प्रमाणपत्र तीन वर्षें ग्राह्य असतें. तें मिळविणें चांगलें, कारण त्यामुळें मुलाखतीचें दार उघडतें. परंतु याच ठिकाणीं मध्यमवर्गीय कुटुंबांची फसगत होण्याचाही संभव असतो. जुन्या परीक्षांतील प्रश्नोत्तरें जमवून घोकून घेणारे आणि नोकरीची हमी देऊन भरमसाट फी आकारणारे वर्ग सगळीकडेच निघतात. घोकलेलें प्रमाणपत्र पहिल्याच मुलाखतींत उघडें पडतें, समोर बंद पडलेलें यंत्र ठेवून “आतां काय कराल?” एवढेंच विचारणें पुरतें. म्हणून वर्ग निवडतांना पालकांनीं फीपूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या : प्रत्यक्ष यंत्रें किती आहेत, एका यंत्रामागें विद्यार्थी किती बसतात, आणि शिकविणाऱ्यानें स्वतः जाळें सांभाळलें आहे काय. कर्ज काढून फी भरण्यापूर्वीं मुलानें घरीं तीन महिने स्वतः सराव करून पाहावा. त्याचें मन त्यांत रमलें नाहीं, तर कर्ज तरी वांचेल.

पहिली नोकरी बहुधा मोठ्या नांवाची नसते. केबल ओढणें, तक्रारींचे दूरध्वनी घेणें, देखरेख-केंद्रांत रात्रपाळीनें पडद्यावर लक्ष ठेवणें, येथूनच आरंभ होतो. तीं दोन-तीन वर्षें वायां जातात असें समजूं नये. भिंतीमागची तार ज्यानें स्वतः ओढली, त्यालाच पुढें मोठ्या इमारतीचा आराखडा नीट काढतां येतो. या काळांत एक वही ठेवावी : कोणता दोष, केव्हां आढळला, काय काय तपासलें, शेवटीं कारण काय निघालें. अशा वहीचीं शंभर पानें भरलीं म्हणजे जो माणूस तयार होतो, तो कोणत्याही वर्गांतून मिळत नाहीं.

यंत्रें बदलतील, मग हें ज्ञान टिकेल काय, अशी शंका घेतली जाते. ती योग्यच आहे. दीडशें वर्षांहून अधिक काळ चाललेली भारतांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली, आणि तारेच्या कडकट्टाची लिपि जाणणें हें उपजीविकेचें साधन उरलें नाहीं. नेटवर्कमध्येंही पूर्वीं शंभर यंत्रांना एकेक करून दिलेल्या सूचना आज एक लहानसा कार्यक्रम एकदम देतो. पुष्कळशीं यंत्रें कंपन्यांच्या इमारतींतून निघून दूरच्या सामायिक केंद्रांत गेलीं आहेत. केवळ आज्ञा पाठ करणाऱ्याची जागा यामुळें जाईल. परंतु पॅकेटला वाट लागते, वाट तुटते, आणि ती कोठें तुटली हें क्रमानें शोधावें लागतें, ही गोष्ट बदललेली नाहीं. शंभर यंत्रांना एकदम दिलेली चुकीची सूचना शंभर ठिकाणीं चुकते. म्हणजे विचार करणाऱ्या माणसाची गरज वाढलीच आहे.

या व्यवसायांत शिरणारीं बहुतेक मुलें पुणें-मुंबईकडे जातात, आणि जाण्यांत गैर कांहीं नाहीं. मोठीं जाळीं तेथेंच पाहावयास मिळतात. पण रुग्णालयें, पतपेढ्या, कारखाने आणि शाळा जळगांव-धुळ्यासही आहेत. ग्रामपंचायतींपर्यंत कांचेचा तंतू नेण्याची केंद्र सरकारची योजना सन २०११ मध्यें मंजूर झाली; पुढें तिला भारतनेट हें नांव मिळालें. तंतू गांवापर्यंत नेऊन टाकणें हें एकदांचें काम आहे. तो रोज चालू ठेवणें हें माणसाचें काम आहे, आणि तो माणूस जवळचाच असावा लागतो. फडावरचा पाटकरी परगांवीं राहून चालत नसे.

तात्पर्य, मुलाच्या किंवा मुलीच्या अंगीं शोधाची चिकाटी असेल, नोंद ठेवण्याची संवय असेल, दुसऱ्याचें गुपित सांभाळण्याचा प्रामाणिकपणा असेल, आणि काम बिनबोभाट चाललें म्हणून कोणी शाबासकी दिली नाहीं तरी समाधान मानतां येत असेल, तर हा मार्ग तिनें किंवा त्यानें खुशाल धरावा. पगार त्या मागोमाग येतो. हे गुण नसतां केवळ पगाराकडे पाहून जो या वाटेला लागेल, त्याला पहिलीच रात्रपाळी जड जाईल.